चासीअप्पांचं नाव दगडावर

चासीअप्पा आधी ट्रकला नमस्कार करायचे आणि मग, आठवण राहिलीच तर, ट्रकच्या मालकाला. नमस्कार झाला की डोक्यावरची टोपी बॉनेटवर ठेवायची, खांद्यावरचं उपरणं जमिनीवर अंथरायचं आणि पाठीवर सरकत ट्रकखाली नाहीसं व्हायचं. मग बराच वेळ खालून फक्त तारेच्या ब्रशचा खरखराट आणि मधूनच "वा रे वाघा!" एवढंच ऐकू यायचं. बाहेर यायचे तेव्हा कपाळावरच्या भस्माच्या पट्ट्यांवर ग्रीसचा एक पट्टा वाढलेला असायचा. महादेवाला हे कसं चालत होतं ते त्यालाच माहीत.

अप्पांचं चौसाळ्यात हायवेला लागून खिळे, पत्रे आणि साखळदंडांचं दुकान होतं. शेजारी माझा फोटो स्टुडिओ. गिऱ्हाईक दुकानात उभं आणि अप्पा रस्त्यावर, कुठल्यातरी क्रेनखाली उताणे, हे दृश्य मी इतक्या वेळा पाहिलंय की त्यांचं दुकान चालत कसं होतं हा मला आजही पडलेला प्रश्न आहे. गिऱ्हाईक कंटाळून हवे तेवढे खिळे स्वतःच मोजून घ्यायचं. आमच्या गावात प्रामाणिक माणसं आहेत, हे अप्पांच्या दुकानामुळं सिद्ध झालं.

चासी म्हणजे ट्रकचा खालचा लोखंडी सांगाडा. अप्पांचं सगळं तत्त्वज्ञान त्यात होतं. "पत्रा लबाड असतो बे, चासी न्हाई," असं ते म्हणायचे, आणि हे ट्रकापुरतं ठेवलं असतं तरी चाललं असतं. पुतणीसाठी स्थळ बघायला गेले तर मुलाच्या बापासमोर म्हणाले, "पोरगा वरून बरा हाय, पण चासी कुठली?" ते स्थळ तिथंच मोडलं. निवडणुकीत उमेदवार हात जोडत दुकानात आला की अप्पा त्याला पायांपासून वर बघत जायचे. तो बिचारा स्वतःच्या चपला तपासायचा.

लष्करानं लिलावात काढलेले जुने ट्रक आमच्या भागात येतात आणि मरेपर्यंत राबतात. कुणाची बोअरची गाडी होते, कुणाचा टँकर, कुणाची क्रेन. मालक बदलला की रंग बदलतो. शेवटी कुणालाच आठवत नाही की हा ट्रक कुठल्या देशात बनला आणि कुठल्या फौजेत होता. ते शोधून काढायचं, हे काम अप्पांना कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. पण रंगाचे थर खरवडून खालचा हिरवा सापडला की अप्पांचा चेहरा असा व्हायचा की मालकाला वाटायचं, ट्रकखाली गुप्तधन आहे. मग चासीवर ठोकलेले आकडे सापडायचे आणि अप्पा ओरडायचे, "फोटो काढ बे, फोटो!" कारण मीही तिथं असायचो. शेजार चांगला नसला की माणसाला काय काय करावं लागतं.

दिंद्रुडला त्यांच्या साडूच्या मुलाचं लग्न होतं. मांडवामागं पाण्याचा एक खटारा टँकर उभा होता. मुहूर्ताला नवरदेवाच्या बाजूनं मोठं माणूस म्हणून अप्पांना हाका मारल्या, तर अप्पा गायब. शेवटी नवरीच्या मामाला टँकरखाली दोन पाय दिसले. त्यानं डिझेलचोर समजून पाय धरून ओढले. नवं धोतर काळं झालेले अप्पा बाहेर आले आणि त्या मामाला मिठी मारून म्हणाले, "पाव्हणं, मागचा आस अमेरिकेचा हाय!" अक्षता पडल्या, पण साडूनं पुढं कित्येक वर्षं अबोला धरला.

चुकायचेही भरपूर. बोअरची एक गाडी ब्रह्मदेशाच्या लढाईत गेलती असं त्यांनी महिनाभर सांगितलं. मग तिच्या मालकाचा म्हातारा बाप आला आणि म्हणाला, ही गाडी आम्ही नवी कोरी घेतली, लष्कराची कधीच नव्हती, हिरवा रंग मीच दिला, स्वस्तात मिळाला होता. अप्पांनी त्याच्याकडं दयेनं बघितलं. "तुमाला आठवत न्हाई," म्हणाले.

अप्पांच्या बायकोला, म्हणजे काकूंना, या सगळ्याचा वैताग होता. "माह्या माहेरच्या चार माणसांची नावं विचारा, एक सांगता येणार न्हाई," त्या म्हणायच्या, "आन् कुठल्या गाडीचा गिअरबॉक्स कुठं बदलला ते मात्र पाठ." त्या हे भाकरी थापता थापता बोलायच्या. अप्पा जेवता जेवता गिअरबॉक्सचंच सांगत राहायचे.

मोबाईल आल्यावर अप्पांना परदेशातले त्यांच्यासारखेच वेडे सापडले. जुन्या लष्करी ट्रकांचा व्हॉट्सअॅप ग्रुप. मी काढलेले फोटो तिथं जायचे आणि अप्पा पोलंडमधल्या कुणाला तरी मराठीत आवाजी निरोप पाठवायचे. तो पोलिशमध्ये उत्तर द्यायचा. दोघांचं छान जमायचं. पण एक दिवस त्यांनी खरवडून काढलेल्या एका क्रेनचे फोटो कुठल्याशा इंग्रजी वेबसाइटवर आले, आणि खाली भलत्याच माणसाचं नाव. त्या दिवशी अप्पांनी दुकान उघडलं नाही. संध्याकाळी माझ्याकडं येऊन बसले. "एकदा, फकस्त एकदा," म्हणाले, "कुठंतरी माझं नाव यावं बे. ह्या गाडीची वळख चौसाळ्याच्या माणसानं पटवली, एवढंच." इतक्या वर्षांत त्यांनी कुणाकडं काही मागितलेलं मी पहिल्यांदा ऐकलं, आणि मला वाईट वाटलं.

ती संधी युसूफ वडगावच्या बाजूनं आली. तिकडचे एक माजी सभापती आहेत. नाव सांगत नाही, ते अजून निवडणुकीला उभे राहतात. त्यांच्या गोठ्यामागं एक जुना लष्करी ट्रक होता. निजामाच्या राज्यात या ट्रकातून आपल्या आजोबांनी स्वातंत्र्यसैनिकांना धान्य आणि हत्यारं पोचवली, असं सभापतींना अलीकडं आठवायला लागलं होतं. ट्रक चौकात चौथऱ्यावर चढवायचा आणि खाली दगडावर सगळी हकिकत कोरायची. हकिकतीच्या शेवटी ओळ: 'संशोधन', आणि पुढं अप्पांचं नाव. दगडाचं काम आधीच दिलं होतं. संशोधन तेवढं राहिलं होतं.

अप्पांनी त्या दिवशी ठेवणीतलं धोतर नेसलं आणि तेच नेसून ट्रकखाली गेले. बाहेर आले आणि धोतरावरचं ग्रीस पुसायला लागले. मी ओळखायला लागल्यापासून ट्रकखालून निघून फोटो न मागणारे अप्पा मी प्रथमच पाहत होतो.

"काय निघालं?" सभापतींनी विचारलं.

"चासीवर देवनागरी अक्षरं हायती," अप्पा म्हणाले. "इंग्रजाच्या फौजंतल्या गाडीवर देवनागरी कोण ठोकील? हा ट्रक आपल्याच देशात बनलाय. निजाम गेल्यावर लई वर्षांनी. तुमचे आजोबा कधी वारले?"

सभापतींनी हिशेब केला आणि त्यांचा चेहरा पडला. आजोबा वारल्यावर हा ट्रक जन्माला आला होता.

"अप्पा, लोकांना काय कळतंय?" सभापती म्हणाले. "अन् तुमचं नाव दगडावर येतंय की."

आता इथं अप्पा सत्यासाठी ताठ उभे राहिले असं लिहायला मला आवडलं असतं. तसं काही झालं नाही. आजोबांबद्दल त्यांना काहीच म्हणायचं नव्हतं. "आजोबाचं काय लिवायचं ते लिवा," म्हणाले, "हत्यारं लिवा, तोफा लिवा. पण ट्रक चुकीचा चालणार न्हाई. माझं नाव काढा." जाता जाता त्या काळचा खरा ट्रक शोधून देतो असंही सांगून बसले. खोट्या पराक्रमाला खरा ट्रक द्यायला हा माणूस तयार होता.

सभापतींनी मान डोलावली आणि दगड तसाच ठेवला.

उद्घाटनाला आम्हाला न्यायला गाडी आली. दगडावर स्वतःचं नाव बघून अप्पा पांढरे पडले. एवढी वर्षं जे हवं होतं ते समोर होतं, मोठ्या अक्षरांत, सोनेरी रंगात. त्यांनी हात लावला, आणि क्षणभर मला वाटलं, घेतील पदरात पाडून. मग त्यांना दोन शब्द बोलायला बोलावलं.

"हा ट्रक निजाम गेल्यावरचा हाय," अप्पा माइकवर म्हणाले. 'निजाम गेल्यावर' ऐकताच टाळ्या पडल्या. "सभापतींचे आजोबा ह्यात कधी बसले न्हाईत." आजोबांचं नाव निघताच शिट्ट्या. "दगडावरचं माझं नाव खोटं हाय, ते काढा!" अप्पा ओरडले. तेवढ्यात सूत्रसंचालकानं माइक काढून घेतला. "बघा मंडळी, याला म्हणतात विनय! खरा संशोधक स्वतःचं नाव नको म्हणतो!" टाळ्यांचा कडकडाट झाला. अप्पा अजून बोलत होते, तोवर त्यांच्या खांद्यावर शाल आणि हातात नारळ आला.

त्यानंतर अप्पा कुठल्याच ट्रकखाली गेले नाहीत. हायवेवरून खडखडत क्रेन जायची, मी मुद्दाम म्हणायचो, "अप्पा, बघा की." ते पुड्या बांधत राहायचे. गिऱ्हाइकांना खिळे वेळेवर मिळायला लागले. मला ते बिलकुल आवडलं नाही. मागच्या हिवाळ्यात ते दुकानातच बसल्या जागी गेले.

माती झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सभापतींच्या पोरांनी दुकानासमोर फ्लेक्स चढवला. 'थोर संशोधकास भावपूर्ण श्रद्धांजली.' सगळ्यात मोठा फोटो सभापतींचा, कोपऱ्यात अप्पा, आणि अप्पांच्या मागं तोच चौकातला ट्रक.

काकू दारात आल्या. रडून डोळे सुजले होते. मान वर करून फ्लेक्सवरचा ट्रक निरखला.

"ह्यो ट्रक कावून लावला?"

"काकू, अप्पांचाच हाय ना," एक पोरगा म्हणाला.

"ह्यो निजाम गेल्यावरचा हाय. त्या वक्ताच्या गाडीची म्होरली काच अशी नसती, दोन भागांची असती, वर उचलायची. आन् दिवे मडगार्डात न्हाई, म्होरं जाळीत असत्यात." काकू थांबल्या, पदरानं नाक पुसलं. "उतरवा."

"काकू, श्रद्धांजली हाय ती."

"श्रद्धांजली राहू द्या," काकू म्हणाल्या. "ट्रक चुकलाय."

मी स्टुडिओतून स्टूल आणलं.