बोल्ट किती आवळायचा

अन्याय झाला तो माझ्या मामांवर. अक्षय्य तृतीयेनंतरच्या सोमवारी, सकाळी दहा वाजता, जळगाव जामोदच्या स्टँडसमोर. टँकरवाल्यानं चारचौघांत सांगितलं की या मिस्त्रीकडं गाडी टाकू नका, यानं माझी ट्रान्सफर केस खाल्ली. मामा गॅरेजवर आले, पाने पुसून ठेवले, आणि त्यानंतर कितीतरी दिवस एकाही पान्याला हात लावला नाही.

गाडी लष्कराच्या लिलावातली, सातपुड्यातल्या वस्त्यांना पाणी नेणारी. पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा डबा म्हणजे ट्रान्सफर केस. मामांनी तो उघडून सील बदललं, बोल्ट आवळले. आठ दिवसांत बोल्ट ढिले झाले, तेल गळालं, भर चढावर गिअर जाम.

मी पत्रक लिहायला घेतलं: मिस्त्री निर्दोष. पण पुरावा म्हणून बोल्ट किती आवळायचा तो आकडा हवा होता. शोरूममध्ये गेलो, तर दुरुस्तीचं पुस्तक बाहेरच्यांना दाखवत नाहीत म्हणे. इंटरनेटवर तीन ठिकाणी तीन आकडे. माझं घरात पाऊल ठरेना. मामी म्हणाली, "एक बसून राह्यला, एक बसतच नाही. दोघायचं मिळून एक माणूस तरी करा."

शेवटी कळलं की धाड नावाच्या गावात लष्करातले एक निवृत्त गाडी-मिस्त्री आहेत. एसटीनं गेलो. त्यांनी ट्रंकेतून पुस्तक काढून थेट माझ्या हातात दिलं. म्हणाले, "काढ फोटो. गाडी विकली, मग पुस्तक काऊन नाही विकलं?"

आकडा मिळाला. ट्रॅक्टरवाल्याकडून ताकद मोजणारा पाना आणला आणि मामांना एक बोल्ट नेहमीसारखा आवळायला लावला. काटा आकड्याच्या कितीतरी पुढं गेला. मामांचा हात बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, जुन्या डब्यांवर बसलेला. हा डबा मऊ ॲल्युमिनियमचा. जास्त आवळल्यानं आतले आटेच उपटले होते.

मी पत्रकातलं 'निर्दोष' खोडलं. मामांनी पाना खाली ठेवला.

"म्हंजे चूक माहीच. पण मले आकडा काऊन नाही सांगितला बे कोणी?"

मामा उठले, टँकरवाल्याकडं गेले, चूक कबूल केली आणि डबा पुन्हा उघडायला मागितला. त्यानं अजून होकार दिलेला नाही.

तुमच्या कपाटात असं एखादं पुस्तक असेल, तर आज त्यातल्या आकड्यांच्या पानाचा फोटो काढा आणि जवळच्या गॅरेजच्या भिंतीवर चिकटवा. कोणाची परवानगी मागत बसू नका.