पहिला बोल्ट माझा

गफूरभाई लोखंडी जिना चढताना हातातला छोटा पाना कठड्यावर आपटत यायचे. टक, टक, टक. रोह्याच्या आमच्या केमिकल कंपनीत ते शिफ्ट इन्चार्ज होते आणि मी नवा ऑपरेटर. बाकीचे साहेब मांजराच्या पावलांनी येत आणि कोण डुलकी काढतोय, कोण मोबाइल बघतोय ते पकडत. आमचे साहेब मात्र येण्याआधी वर्दी देणार. एकदा मी म्हटलंही, "भाई, अशानं तुम्हाला कोणी सापडायचा नाही." तर म्हणाले, "मला मानूस पकडायचा नाय, पाटील. तो सावरलेला पायजे. घाबरलेल्या मानसाचा हात चुकतो."

ते जाऊन चार महिने झाले. तो आवाज मात्र मला त्याच्या कितीतरी आधीपासून ऐकू येतो, ते प्लँट सोडून गेले त्या आठवड्यापासून. दुपारी दोनला शिफ्ट बदलली की टक, टक, टक. मी वळून बघतो, जिना रिकामा असतो. कानाच्या डॉक्टरांनी तपासून कान अगदी उत्तम आहेत असं सांगितलं, तेव्हा मला आनंद व्हायच्या ऐवजी भीती वाटली.

अंगानं किरकोळ, मेंदी लावलेली दाढी, डोक्यावर नाव पुसट झालेलं हेल्मेट. तरुणपणी बरीच वर्षं गल्फमध्ये रिफायनरीत काढून परत आलेले. राहायचे पेणला. कंपनीची बस पेणहून निघायची, मी वडखळला चढायचो. गफूरभाईंच्या शेजारची सीट रोज आमच्यापैकी एकाची असे, पाळीपाळीनं. नागोठणं येईपर्यंत ते फक्त ऐकत. घरचं, दारचं, बायकोचं, शेताचं. नागोठण्यानंतर मात्र प्लँट सुरू. "काल तू पंप बंद केलास तो आधी का केलास? सांग, मला पन शिकव." आपल्याला शिकवताहेत हे रोहा आल्यावर कळायचं.

त्यांची खरी शाळा म्हणजे कंट्रोल रूममधला काळा फळा. शिफ्ट संपताना, पुढच्या पाळीला काम सोपवायच्या हँडओव्हरच्या वेळी, इतर इन्चार्ज 'सगळं ओके?' असं विचारून मोकळे होत. गफूरभाई विचारत, "बोला, आज काय नाय कळलं?" प्रत्येकानं एक तरी गोष्ट सांगायचीच. नाव, न कळलेली गोष्ट आणि तारीख फळ्यावर लिहायची. ज्याला कळलं त्यानं सगळ्यांना समजावून सांगायचं आणि मग आपली ओळ आपल्या हातानं पुसायची. सगळ्यात शेवटी ते स्वतःची ओळ सांगत. 'मला सगळं कळतं' असं म्हणणाऱ्याला ते दुसऱ्या दिवशी व्हॉल्व्हला हात लावू देत नसत.

फळ्यावर लिहायचं काम कमळाकरचं. हा कंत्राटी फिटर, सातवीत शाळा सुटलेली, पेन धरायचं म्हटलं की घाम फुटायचा. म्हणूनच गफूरभाईंनी खडू त्याच्या हातात दिला. पहिले कित्येक महिने त्याची अक्षरं माळ्यावरून पडल्यासारखी दिसत आणि आम्ही हसायचो. गफूरभाई हसत नसत. वर्षभरानं तोच कमळाकर पाइपांचा नकाशा वाचून इंजिनिअरला चूक दाखवायला लागला, आणि पुढे कंपनीत कायम झाला. आता कंपनी मुंबईहून माणसं बोलावते. ती पडद्यावर चित्रं दाखवून टीम कशी घडवायची ते सांगतात, जेवणात पनीर असतं. मी मान डोलावतो आणि मला त्या वेड्यावाकड्या अक्षरांचा फळा दिसतो.

आता ते सांगतो, जे सांगायचं टाळत इथपर्यंत आलो.

त्या दिवशी ॲसिडचा पंप गळत होता. तो कमळाकर खोलणार होता. त्याआधी वरच्या मजल्यावरचा व्हॉल्व्ह बंद करून त्यावर 'बंद आहे' असा लाल टॅग लावायचं काम माझं होतं. मी चाक फिरवलं. ते मध्येच अडलं. व्हॉल्व्ह पूर्ण बंद झाला म्हणून अडलं की गंजून अडलं, हे मला कळलं नाही. मी टॅग लावला आणि खाली आलो.

खाली गफूरभाईंबरोबर मॅनेजर उभे होते. पुढच्या महिन्यात मला एका शिफ्टचा इन्चार्ज करायचं चाललं होतं. शिफारस गफूरभाईंचीच होती. मॅनेजरांसमोरच त्यांनी नेहमीसारखं विचारलं, "पाटील, काय नाय कळलं?"

"सगळं क्लिअर आहे, भाई."

त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. असं उत्तर मी त्यांना पहिल्यांदाच देत होतो. एरवी त्यांनी मला वर पाठवून पुन्हा बघायला लावलं असतं. पण मॅनेजरांसमोर माझा पाणउतारा करायचा नाही, म्हणून असेल, या वेळी पाठवलं नाही. त्यांच्या आयुष्यातली एवढी एकच ढिलाई मला माहीत आहे आणि ती माझ्यासाठी होती.

कमळाकरनं पाना लावला तसा त्यांनी त्याला खांद्याला धरून मागे केलं. "सरक. पहिला बोल्ट माझा." ही त्यांची जुनी रीत. ॲसिडची लाइन कोणीही खोलो, पहिला बोल्ट तेच सैल करणार. बोल्ट सुटला आणि ॲसिडची पिचकारी उडाली. तोंडावर शील्ड होती, पण धार खालून आत शिरली. मी त्यांना पंपाजवळच्या सेफ्टी शॉवरखाली धरून उभा होतो. पाणी पडत होतं आणि ते मलाच सांगत होते, "घाबरू नको. मला सोडू नको, पन घाबरू नको."

उजवा डोळा गेला. चौकशीत गफूरभाईंनी लिहून दिलं की व्हॉल्व्ह गंजून जाम होता, बाहेरून समजायला मार्ग नव्हता. त्याखाली मी साक्षीदार म्हणून सही केली. ठरल्याप्रमाणे इन्चार्जही झालो.

ते घरी बसले. मी दर दोन-तीन महिन्यांनी पेणला त्यांच्या घरी जायचो. रुकय्याभाभी तांदळाची भाकरी आणि कोलंबीचं कालवण वाढायच्या. जेवण झालं की गफूरभाई डावा डोळा माझ्यावर रोखून विचारायचे, "बोल पाटील, काय नाय कळलं?" मी प्लँटमधलं काहीतरी सांगायचो. नवा पंप, नवं मीटर. ते शांतपणे ऐकून समजावायचे. निघताना दारापर्यंत येऊन म्हणायचे, "आनखी काय नाय ना?" मी नाही म्हणायचो. अकरा वर्षं मी हेच केलं. स्वतःची इतकी किळस मला दुसऱ्या कशानं आली नाही.

ते गेल्याचं कळलं तेव्हा मी ड्यूटीवर होतो. पोचलो तोवर त्यांना नेलं होतं. भाभी आतल्या खोलीत बायकांमध्ये बसल्या होत्या. मला बघून बाहेर आल्या. म्हणाल्या, "तुमची लय वाट बगायचे. मी बोलायची, पाटील तर येतातच की. तर बोलायचे, येतो गो, पन त्याचा हँडओव्हर अजून बाकी हाय."

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. बहुधा पहिल्याच दिवसापासून. आणि दर वेळी ते जिन्यावर पाना वाजवत होते, मला सावरायला वेळ देत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला माझी टीम फळ्यासमोर उभी राहिली. रीत मी चालू ठेवली आहे, एवढा एक भलेपणा माझ्या नावावर आहे. खडू अजून कमळाकरकडेच असतो. सगळ्यांचं सांगून झालं, शेवटी माझी पाळी आली. मी म्हणालो, "पाटील. ॲसिड पंपाचा वरचा व्हॉल्व्ह. चाक अडलं होतं. का अडलं ते मला कळलं नव्हतं. भाईंनी विचारलं तेव्हा मी सगळं क्लिअर म्हणालो."

नव्या मुलांना काहीच उमगलं नाही. त्यांना वाटलं, आजचंच काही असेल. एकजण वर जाऊन बघतो म्हणून निघालासुद्धा. कमळाकर पाठमोरा होता. तो बोल्ट त्याच्या हातचा होता, तो डोळा त्याचा गेला असता. तो वळेल, काहीतरी बोलेल, निदान खडू खाली ठेवेल, म्हणून मी वाट बघत राहिलो.

तो वळला नाही. आता छान वळणदार झालेल्या अक्षरात त्यानं माझं नाव लिहिलं, मी सांगितलं ते एकही शब्द न गाळता लिहिलं. मग पुढे तारीख घातली. आजची नव्हे, त्या दिवसाची. ती त्याला कोणाला विचारावी लागली नाही.