काकूसाहेबांची शोकसभा आणि राहिलेला शेवट

तो मजकूर ब्लॉगवरून मीच उचलला होता. पूर्ण वाचून, हसून, मगच उचलला होता. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. आमच्या साहेबांना नाही, घरी तर नाहीच.

मी मुलुंडच्या एका साप्ताहिकात सब-एडिटर आहे. सब-एडिटर म्हणजे दुसऱ्याचं लिखाण कापून जागेत बसवणारा माणूस. आमचा पेपर फुकट वाटला जातो. तो चालतो क्लासवाले, बिल्डर आणि वाढदिवसवाले नगरसेवक यांच्या जाहिरातींवर. जाहिराती आधी लागतात, उरलेल्या जागेत बातम्या.

त्या दिवशी दुपारी एका क्लासची अर्ध्या पानाची जाहिरात रद्द झाली. संध्याकाळी पानं प्रेसला जायची होती. आमचे मालक-संपादक खानोलकर साहेब केबिनमधूनच ओरडले, "पान भर रे काहीतरी! मोकळं दिसता कामा नये."

"काय भरू, साहेब?"

"काहीही. सिरियल-बिरियलचं टाक. बायका वाचतात."

मी ब्लॉग उघडला. नाहूरच्या एक शिरोडकर बाई तो लिहायच्या. पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी, संध्याकाळी सिरियल, आणि रात्री त्या सिरियलची चिरफाड. वाचणारे फार नसावेत. त्यांची भावंडं, लॅबमधल्या दोघीतिघी आणि मी. मी एकही पोस्ट चुकवत नसे, पण कमेंट कधी टाकली नाही. कारण त्या आमच्या पेपरलाही सोडायच्या नाहीत. 'आमच्या भागातल्या साप्ताहिकात नगरसेवक शिंकला तर पहिलं पान. नाला तुंबला तर त्याच नगरसेवकाचा हसरा फोटो, नाल्यासमोर.' हे वाचून मी ऑफिसातच हसलो होतो. मग इकडेतिकडे बघून टॅब बंद केला होता.

त्या आठवड्यातली पोस्ट काकूसाहेबांवर होती. काकूसाहेब म्हणजे रोज संध्याकाळच्या सिरियलमधली खाष्ट सासू. ती आदल्या दिवशी मेली होती. बाईंनी गंभीर चेहऱ्याने सुरुवात केली होती: 'घराघरांतल्या काकूसाहेब अखेर गेल्या. रविवारी सकाळी दहाला स्टेशनजवळच्या हॉलमध्ये शोकसभा. सर्वांनी यावं.' मग हळूहळू सुटत गेल्या होत्या. 'याआधीही त्या दोनदा गेल्या होत्या. या वेळी चेहरा बदलून परत आल्या तर शोकसभेतच सत्कार उरकून घेऊ. ज्यांनी एपिसोडपायी सख्ख्या आत्याचा दहावा चुकवला, त्यांना पुढची रांग राखीव. बाकी, काकूसाहेबांचं काम करणाऱ्या बाई ठणठणीत आहेत. कालच साबण विकताना दिसल्या.'

मी कॉपी केलं, पेस्ट केलं. नाव दिलं नाही. नाव द्यायचं तर विचारायला हवं, आणि विचारायचं तर त्यांना आमचा पेपर आठवणार. नेटवरचं लिखाण म्हणजे रस्त्यावरचा नळ, ज्याने त्याने बादली लावावी, असं आमच्या धंद्यात सगळेच धरून चालतात. मीही चालत होतो.

पान बसलं. तेवढ्यात क्लासवाल्याचा फोन आला. जाहिरात द्यायची आहे, पण लहान साइज.

मी मजकुराची चौकट वर सरकवली. कॉम्प्युटरवर पान लावताना मजकूर चौकटीत मावला नाही, तर खालच्या कोपऱ्यात लाल अधिकचं चिन्ह येतं. म्हणजे उरलेला मजकूर आहे, पण दिसत नाही, छापलाही जाणार नाही. मला ते लाल चिन्ह दिसलं. बातमी नेहमी शेवटाकडून कापतात, कारण महत्त्वाचं सगळं वर असतं. वीस वर्षं माझ्या हाताला तेच वळण. विनोदात महत्त्वाचं सगळं खाली असतं, हे मला वाचक म्हणून ठाऊक होतं. सब-एडिटर म्हणून त्या घाईत सुचलं नाही.

पेपर घराघरांत गेला. काकूसाहेब गेल्या, रविवारी शोकसभा, सर्वांनी यावं. बस्स. वाचणाऱ्याला वाटणार, काकूसाहेबांचं काम करणाऱ्या बाईच गेल्या.

सोमवारी ऑफिसात एक आजी आल्या. हातात आमचा पेपर, गुंडाळी केलेला. रविवारी त्या हॉलमध्ये त्यांच्या नातवाचं बारसं होतं.

"पेपर काढतास की काय काढतास?" त्या साहेबांच्या टेबलावर गुंडाळी आपटून म्हणाल्या. "माझ्या नातवाच्या बारशाक लोक पांढरी साडी नेसान इले! हार घेवन! पाळण्याकडे बघून एक बाई रडाक लागली. तो हार कोणाच्या गळ्यात घालूचो होतो, सांगा!"

साहेब उभे राहिले. "आजी, बसा. चहा घ्या."

"चाय नको. छापून माफी मागा. भरल्या पाळण्यापुढे अपशकुन केल्यात."

मला हसू येत होतं. साहेब माझ्याकडे वळले. "कुठून घेतलंस रे हे?"

तेव्हा दोन वाक्यांत भागलं असतं. साहेब, तो विनोद होता. शेवट माझ्या हातून गेला. फार तर ओरडले असते. माझ्या तोंडून आलं, "एका ब्लॉगवर बातमी म्हणून दिलं होतं, साहेब."

"मग तसं छाप."

खुलासा मीच लिहिला. 'एका ब्लॉगवरील खोडसाळ मजकुरामुळे ही चूक घडली.' साहेबांनी ब्लॉगचं नाव घालायला लावलं. मी घातलं. त्याच्या शेजारी बाळाचा रंगीत फोटो, फुकट. आजी खूश झाल्या. कात्रण फ्रेम करणार म्हणाल्या. सिरियलच्या त्या खऱ्या बाईंपर्यंत काही पोचलं नाही. सिरियलवाले राहतात अंधेरीला आणि आमचा पेपर तिकडे जात नाही, हे एक नशीब.

नाहूरला मात्र जातो. ज्या ब्लॉगवर महिन्याला दोन कमेंट यायच्या, तिथे शिव्यांचा ढीग पडला. 'मेलेल्यांवर बातम्या पिकवता, लाज नाही?' लॅबमध्ये जाऊनही कोणीतरी बोलून आलं.

मग फोन आला. मीच उचलला.

"मी शिरोडकर, नाहूरहून. तो ब्लॉग लिहिते ती. अहो, माझ्या पोस्टचा शेवट वाचला नव्हता का तुमच्याकडे कोणी? त्या बाई ठणठणीत आहेत असं लिहिलं होतं मी."

"आमच्याकडे आलं तेवढंच छापलं, मॅडम."

"हो का? असेल तसं. तुम्ही तरी कशाला मुद्दाम कराल."

माझ्यावर संशय घेतला असता तर बरं झालं असतं.

पुढच्या आठवड्यात ब्लॉग उघडला तर पान सापडत नव्हतं. त्यांनी सगळंच काढून टाकलं होतं. नाल्यासमोरचा नगरसेवकही गेला. पण त्या अंकाची फाइल माझ्याकडे आहे. चौकट खाली ओढली की लाल चिन्ह जातं आणि आत्याचा दहावा, पुढची रांग, साबण, सगळं जसंच्या तसं बाहेर येतं. अधूनमधून मी ओढून बघतो. अजून हसू येतं. मग चौकट परत वर सरकवतो.

चुकलेली बातमी दुरुस्त करायला आमच्याकडे पान दोन, तळाचा कोपरा असतो. कापलेल्या विनोदासाठी जागा ठेवलेली नाही. ती काढावी लागेल, आणि साहेबांना कारण सांगावं लागेल.

शिरोडकर बाईंचा शेवट छापायचा राहिला आहे, त्यांच्या नावासकट. आणि त्याआधी त्यांना एक फोन करायचा राहिला आहे: शेवट वाचला होता, मी वाचला होता.