आधी झडप, मग दार

किस्से गोळा करायला मला कुठे जावं लागत नाही. धायरीतल्या आमच्या दुकानात ते स्वतः चालत येतात आणि पहिला प्रश्न विचारतात, "एसी कुठे ठेवलेत?"

आम्ही घर गरम ठेवणारे, लाकडावर चालणारे स्टोव्ह विकतो. हो, पुण्यात. गिऱ्हाइकं बहुतेक डोंगरात घर बांधलेली.

मी केमिस्ट्रीची पदवीधर, म्हणून दुकानाच्या मालकांनी, म्हणजे सरांनी, मला घेतलं. पण मी कुकरच्या शिट्टीलाही दचकते, हे त्यांना पहिल्याच आठवड्यात कळलं. स्टोव्ह तापताना पत्रा टण्णकन वाजतो. त्या आवाजाला मी ब्रोशरचा अख्खा गठ्ठा पाडला. सर शांतपणे म्हणाले, "दिवाळीपर्यंत एक स्टोव्ह स्वतः विकून दाखव. नाहीतर दुसरीकडे बघ. तुझ्याच भल्यासाठी सांगतोय."

*

स्टोव्ह दोन प्रकारचे. कॅटॅलिटिकमध्ये मधाच्या पोळ्यासारखी एक जाळी असते. स्टोव्ह पुरेसा तापला की धुराड्याची सरळ वाट अडवणारी झडप बंद करायची. मग धूर जाळीतून जातो आणि तिथेच जळतो. लाकूड मंद जळत रात्रभर पुरतं. नॉन-कॅटॅलिटिकमध्ये जाळी नाही. वरच्या भोकांतून गरम हवा येते आणि तिच्यामुळे धूर पेटतो. ज्वाळा छान दिसतात, सांभाळायला सोपा, पण लाकूड लवकर संपतं.

हे सगळं मी एका आजोबांना मन लावून सांगितलं. त्यांनीही मन लावून ऐकलं. मग म्हणाले, "उत्तम. आता गॅसवरचा दाखवा."

*

जाळी नाजूक असते. म्हणून कॅटॅलिटिक घेणाऱ्यांना आम्ही बजावतो, सुकं लाकूड सोडून काही घालू नका. रद्दी तर नाहीच.

सदाशिव पेठेतल्या एक बाई माझ्याकडे चष्म्यावरून बघत राहिल्या. "रद्दी जाळणारा माणूस तुम्ही आमच्या पेठेत पाहिलाय?"

*

पाचगणीहून एकांचा फोन आला, नवा स्टोव्ह धुमसतोय. आमचे फिटर इम्रानभाई गेले. जाळी काढली तर चिकट काळा गोळा. त्या गृहस्थांनी दसऱ्याला स्टोव्हला हार घातला होता, आणि दुसऱ्या दिवशी तो हार इकडेतिकडे कशाला टाकायचा म्हणून स्टोव्हमध्येच घातला.

"अहो, देवाचंच होतं ते," गृहस्थ म्हणाले.

"फुलं देवाची, साहेब," इम्रानभाई म्हणाले. "दोरा नायलॉनचा."

*

दिवाळी तोंडावर आली आणि माझ्या नावावर अजून एकही स्टोव्ह नव्हता. अशात एक दिवस खडकीचे एक काका-काकू आले. दोघंही रिटायर्ड, उत्तराखंडात राहायला निघालेले. सामानाचा ट्रक संध्याकाळी सुटणार होता, म्हणजे निर्णय आजच. सर काउंटरवरून बघत होते.

काकांना कॅटॅलिटिक हवा होता. "रात्री एकदा भरला की सकाळपर्यंत बघायला नको."

"तुम्हाला बघायला नको," काकू म्हणाल्या. "बघणार मी."

मी डेमोचा कॅटॅलिटिक पेटवला. तापल्यावर झडप बंद केली. "एकच नियम लक्षात ठेवायचा," मी म्हणाले. "लाकूड घालताना आधी झडप उघडायची, मगच दार. नाहीतर धूर खोलीत येतो. परत सांगते, आधी झडप..."

पत्रा टण्णकन वाजला. मी दचकले आणि हाताला लागला तो दांडा ओढला. दाराचा.

धूर थेट काकूंच्या तोंडावर. अलार्म बोंबलायला लागला आणि मी सरळ रस्त्यावर. नोकरी गेली, हे मला बाहेरच कळलं होतं. पण पर्स आत होती, म्हणून परत आले.

काकू पदराने डोळे पुसत सरांना सांगत होत्या, "तो बिनजाळीचा द्या."

"अहो, चूक आमच्या मुलीची झाली," सर म्हणाले. "मशीन चांगलं आहे."

"मशीनला कोण नावं ठेवतंय? ही मुलगी रोज हेच शिकवते, आणि बोलता बोलता विसरली. यांनी तर आज पहिल्यांदा ऐकलंय. परवा यांच्या डोळ्यांदेखत दूध उतू गेलं."

"मी अग्रलेख वाचत होतो," काका म्हणाले.

बिल माझ्या नावावर झालं. ते दोघं गेल्यावर सरांनी सगळ्या खिडक्या उघडल्या.

"उद्यापासून सगळे डेमो तू द्यायचे."

"कुठल्या स्टोव्हचे?" मी घाबरत विचारलं.

"कॅटॅलिटिकचेच," सर म्हणाले. "नॉन-कॅटॅलिटिकचा माल फार दिवस पडून आहे."