नायट्याच्या मलमाने उजळलेला रंग

आमची आत्या वापीला राहायची. माणसाची पारख आपल्याला रंगावरून होते, असं ती स्वतःच अभिमानाने सांगायची. इतक्या ठाम आवाजात इतकं कमी कळणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

माझ्या मोठ्या बहिणीसाठी स्थळं बघायला लागले, तेव्हा आत्या आशागडला आमच्या घरी आली आणि पिशवीतून मलमाची ट्यूब काढून ताईच्या हातात ठेवली. ताई चिकूच्या वाडीत कामाला जायची, दिवसभर उन्हात.

"रोज झोपताना लाव. उजळशील," आत्या म्हणाली.

मी ट्यूबवरचं वाचलं. "आत्या, हे नायट्याचं औषध आहे."

"आमच्या बिल्डिंगमधल्या सगळ्या बायका लावतात. त्यांना काय नायटा झालाय?"

आईने मला डोळ्यांनीच गप्प केलं. आत्यापुढे आमच्या घरात कोणी बोलत नसे.

ताई उजळली, हे खरं. तलासरीकडचे लोक तिला बघायला आले. मुलाच्या आईने तिची हनुवटी धरून चेहरा दाराच्या उजेडाकडे वळवला. बाजारात मासळीचे कल्ले उचलून बघतात, तसं. मुलगी पसंत पडली. आत्या गावभर सांगत सुटली की हे तिच्यामुळे झालं.

उन्हाळा आला आणि ताईच्या चेहऱ्याची आग व्हायला लागली. गाल लाल, त्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक शिरा, हनुवटीवर लव. चुलीपुढे बसवेना. मी तिला डहाणूला कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी ट्यूब बघितली आणि बाजूला ठेवली.

"यात स्टेरॉइड आहे. कातडीच्या वरच्या थराचा पापुद्रा मेलेल्या पेशींचा असतो, पण अंगातलं पाणी तोच आत ठेवतो आणि जंतू बाहेर. त्या वरच्या थराच्या तळाशी रंग तयार होतो, ऊन अडवायला. खालच्या थरात रक्तवाहिन्या, घामाच्या ग्रंथी, स्पर्श कळणाऱ्या नसा. या मलमाने दोन्ही थर पातळ केलेत. म्हणून शिरा दिसतात."

"पण मी गोरी झाले होते," ताई हळूच म्हणाली.

"गोरी नाही झालीस. झिजलीस."

मलम हळूहळू बंद करायचं होतं. आधी चेहरा आणखी भडकेल, हेही त्यांनी सांगून ठेवलं होतं, आणि तसंच झालं. ताईचं तोंड सुजलं, पुटकुळ्या आल्या. बातमी तलासरीला पोचायला वेळ लागला नाही. मुलाची आई मुलाला घेऊन आमच्या ओट्यावर येऊन बसली.

"आम्ही बघितली तेव्हा मुलगी अशी नव्हती," ती म्हणाली.

वडील काही समजावायला लागले. ताई आतून बाहेर आली, पदर न घेता, तशीच सुजलेली.

"तुम्ही तेव्हाही मला बघितलं नव्हतं," ती म्हणाली. "चहा घेऊन जा."

मुलगा तेवढा वेळ मोबाईलवर बोट फिरवत बसला होता. त्याने मान वर केली नाही. चहा मात्र दोघांनीही पूर्ण प्यायला. स्थळ मोडलं, आणि अशा घरात ताई गेली नाही याचा आनंद मला लपवता आला नाही.

आत्याचा फोन आला. मलमाबद्दल एक शब्द नाही. "तिने उन्हात जायलाच नको होतं," एवढंच म्हणाली. चिकू काय चांदण्यात तोडतात?

चेहरा निवायला बरेच महिने गेले. रंग पहिल्यासारखा झाला, गालांवरच्या काही शिरा राहिल्या. पुढे ताईचं लग्न झाई गावी ठरलं. नवरा बागायतदार, अबोल, पण बघायला आला तेव्हा तिला तिच्या कामाबद्दल विचारणारा.

हळदीला आत्या आली. ताईला निरखून म्हणाली, "पोर पुन्हा काळवंडली गं."

आई उठली. आत्याच्या हातातली हळदीची वाटी तिने काढून घेतली आणि म्हणाली, "वन्सं, तुम्ही बाहेर बसा. पाहुण्यांना पाणी द्यायला माणूस हवंय."

आत्या गेली. दुपारभर ती पाणी देत होती.