नोंदवहीतली आई

चाळीस वर्षं लोटली, नोकरी संपली, पण ते एक प्रकरण डोक्यातून जात नाही. पासष्टची लढाई नुकतीच थांबली होती आणि मी इस्लामपूर भागात फौजदार होतो. टपालात एक निनावी अर्ज आला. अमुक गावची विधवा लढाईत पडलेल्या जवानाची आई म्हणून पेन्शन मागून सरकारला फसवते आहे, तो तिचा मुलगाच नव्हे. असले अर्ज मी एरवी फाइलला लावून मोकळा होत असे. पण याला जन्मनोंदीची नक्कल जोडलेली होती.

जन्ममृत्यूची वही तेव्हा गावचा पोलीस पाटील ठेवी. मी मूळ वही मागवली. शाई जुनी, खाडाखोड नाही. मुलाचे आईबाप म्हणून गावच्या कोतवालाचं जोडपं लिहिलेलं, म्हणजे तेव्हाच्या महारवाड्यातलं. बाई तर उसाचं रान असलेल्या मराठ्याघरची.

बाईंना ठाण्यात बोलावलं. तीन दिवस विचारलं, दरडावूनही विचारलं.

"माज्या पोटचा हाय वो. वहीतलं मला ठावं न्हाई." तिन्ही दिवस हेच उत्तर. खोटं बोलणारा उत्तर फिरवतो, ही फिरवत नव्हती. पण काहीतरी गिळत होती.

मग ती नोंद लिहिणाऱ्या म्हाताऱ्या पाटलाला धरलं. आधी आठवतच नाही म्हणाला. "खोट्या नोंदीबद्दल तुम्हालाच आत घेतो," म्हटल्यावर आठवलं. बाईंची तीन मुलं पाळण्यातच गेली होती. चौथं जगावं म्हणून जन्मताच कोतवालाच्या बायकोच्या पदरात टाकलं आणि पाचव्या दिवशी सूपभर ज्वारी देऊन विकत आणलं. तशी रीतच होती.

"पोराच्या बापानं पाय धरलं, सायेब. म्हनला, यमाला फशिवायचं तर सरकारी वहीत बी तसंच लिवा."

आणि या शहाण्यानं लिहिलं! लेखी जबाब द्यायला मात्र तो तयार होईना. पाटीलकी आणि अब्रू दोन्ही गेली असती.

कोतवाल वारला होता. त्याची बायको साताऱ्याला मुलाकडे होती. घराने बौद्ध धम्म घेतला होता. म्हातारी निरोपासरशी आली आणि खुर्चीत ताठ बसली. "व्हय, पाच दिस माज्या अंगावर प्यालं त्ये," म्हणाली, आणि पोर गेल्याचं ऐकून पदर तोंडाला लावला. मला वाटलं, सुटलं प्रकरण. आता बाईंनी फक्त हो म्हणायचं होतं.

दोघींना समोरासमोर बसवलं. पंच गावचेच होते. दारात भावकी उभी होती, त्यात दीर. अर्ज त्याचाच होता, हे पुढे कळलं; पुतण्या घरचा नव्हे असं ठरलं, की त्याच्या नावची जमीन दिराकडे येणार होती.

म्हातारी म्हणाली, "बाई, येकदा म्हना, पोर माज्या पदरात दिलं हुतं. तुमचं लेकरू तुमचंच ऱ्हाईल."

बाईंनी दाराकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"मी हिला वळकत न्हाई."

संतापाने मी टेबलावर हात आपटला. म्हातारी उठली. "पाच दिस दूध चाललं, आता वळख बी चालंना व्हय?" एवढं बोलून ती एस.टी. धरायला निघून गेली.

दुसऱ्या दिवशी मी साध्या कपड्यांत एकटाच बाईंच्या घरी गेलो. त्या चुलीपुढे बसून ढसाढसा रडल्या. "पोरीचं लगीन ठरलंय, सायेब. हिचा भाऊ कुणाचं दूध प्याला ह्ये कळलं तर मोडतील. येक ग्येलं, आता दुसरीचं वाटूळं करू?" मी पुन्हा जबाब द्या म्हणालो. "काल समद्यांदेखत बोललिया, आता कसं फिरवू?"

अहवालात वही आणि बाईंचा नकार, दोन्ही लिहावं लागलं. फसवणुकीचा गुन्हा शाबीत झाला नाही, पण सरकारने त्यांना जवानाची आई मानलं नाही ते नाहीच. जमीन दिराने घातली घशात.

हल्ली लोक घराण्याची वंशावळ काढायला जुन्या नोंदींच्या नकला मागवतात आणि शाई जुनी म्हणजे मजकूर खरा, असं धरून चालतात. मीही तसंच धरलं होतं. पण त्याहून मोठी चूक माझी वेगळीच होती. भावकीला बाहेर काढून, परगावचे पंच बसवून विचारलं असतं, तर ती बाई आपल्या लेकराची आई म्हणून मेली असती. ठाण्याचं दार लावणं माझ्या हातात होतं, आणि मी ते लावलं नाही.