न फुटलेल्या लाह्या

झाकण ठेवलेल्या कढईला कान देऊन आम्ही तिघं उभे होतो: मी, नवरा आणि मुक्कामाला आलेल्या मोठ्या जाऊबाई. आतून एकही आवाज येत नव्हता. ‘यापुढे लाह्या घरच्याच मक्याच्या,’ असं मी सगळ्यांना सांगून बसले होते. परसातली पेरणी, खुरपणी, कणसं शेतातल्यासारखी उभ्या ताटावरच वाळू देणं, सगळं माझ्या वहीतल्या यादीप्रमाणे केलं होतं. शेवटची ओळ तेवढी माझ्या मनाची: सोललेले दाणे गच्चीवर पापडांशेजारी, आठ दिवस कडकडीत उन्हात.

झाकण काढलं. दाणे काळे पडून ढिम्म बसले होते.

“फुटाणे म्हणून खपतील,” नवरा म्हणाला.

जाऊबाईंनी एक दाणा दाढेखाली धरला. “अगं, कुरडया वाळवल्यास की मका? लाही आतल्या ओलीने फुटते. तीच तू संपवलीस.”

वाळलं की टिकतं, एवढंच मला ठाऊक. माझ्या याद्यांत रविवारसुद्धा तासातासाने वाळत घातलेला असतो. टिकतो तो, पण फुटत नाही कधी.

जाऊबाईंनी उरलेल्या दाण्यांवर पाणी शिंपडून ते बरणीत भरले आणि झाकण घट्ट लावलं.

“किती चमचे?” मी वही उघडली.

“जरासं.”

मी ‘जरासं’ लिहिलं.

चौथ्या दिवशी कढई अशी तडतडली की झाकणच उडालं. लाह्या ओट्यावर, फरशीवर, जाऊबाईंच्या अंबाड्यात. केरसुणी हाताशीच होती. मी खाली बसले आणि फरशीवरचीच एक उचलून तोंडात टाकली.